एलिझाबेथ, इसाबेल, लिसा, बेट्टी: एकाच नावाची इतकी रूपं का?

इंग्रजीत लहान मुलांना घालायचं एक जुनं कोडं आहे. एलिझाबेथ, एल्स्पेथ, बेट्सी आणि बेस पक्ष्याचं घरटं शोधायला निघाल्या. घरट्यात पाच अंडी सापडली. सगळ्यांनी एकेक अंडं घेतलं, तरी घरट्यात चार उरली. हे कसं झालं? मुलगी एकच होती, आणि चारही नावं तिचीच होती.

हे कोडं इंग्लंडच्या बाहेर नेलं, तर या एकट्या मुलीमागे भलीमोठी रांग उभी राहते. हंगेरीतली एर्झेबेत, रशियातली येलिझावेता, स्पेनमधली इसाबेल, पोलंडमधली एल्झ्ब्येता, आर्मेनियातली येघिसाबेत, हवाई बेटांवरची एलिकापेका. कानाला ही नावं परस्परांची नातलग वाटतही नाहीत. तरी प्रत्येकीचा माग काढत गेलं की आपण एकाच हिब्रू नावापाशी पोचतो. कुठे एखाद्या भाषेत हवा तो आवाजच नव्हता, कुठे धर्मप्रसाराची वाट वेगळी होती, कुठे एखादी राणी किंवा संत लोकांच्या मनात बसली, आणि कुठे घरातल्या लाडाच्या हाकेने मूळ नावालाच बाजूला सारलं. या चार कारणांनी जवळजवळ सगळ्या रूपांचा उलगडा होतो.

मूळ नाव आहे एलिशेवा. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या सहाव्या अध्यायात, मोशेचा भाऊ अहरोन याच्या बायकोचं हे नाव येतं. त्यातला 'एल' म्हणजे देव आणि 'एलि' म्हणजे माझा देव. इथवर कुणाचं दुमत नाही. खरी गंमत 'शेवा'मध्ये आहे. हिब्रूत सात हा आकडा आणि शपथ घेणं हे क्रियापद एकाच धातूतून येतात. त्यामुळे नावाचा अर्थ 'माझा देव म्हणजेच शपथ' असाही लागतो, आणि सात हा पूर्णत्वाचा आकडा मानून 'माझा देव परिपूर्ण आहे' असाही. नावांचे अर्थ सांगणारी पुस्तकं यांपैकी एक अर्थ उचलतात आणि मोकळी होतात. मला ते पटत नाही, कारण ज्यांची ही भाषा होती त्यांना त्या शब्दात दोन्ही अर्थ ऐकू येत होते. पुरावा त्याच ग्रंथात आहे. अब्राहाम आणि अबीमलेख यांच्यात विहिरीवरून करार होतो, अब्राहाम सात मेंढ्या बाजूला काढून देतो, दोघे शपथ घेतात आणि त्या जागेला बैर-शेबा असं नाव पडतं. हा 'शेबा' म्हणजे तोच 'शेवा'. सातची विहीर की शपथेची विहीर, हे कथा सांगणाऱ्याने मुद्दामच मोकळं ठेवलं आहे. दावीद राजाच्या राणीच्या, म्हणजे बथशेबाच्या नावातही हाच 'शेबा' आहे.

पण या नावाला जगभर नेलं ते दुसऱ्याच बाईने. बायबलच्या नव्या करारात, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया हिची एक वयस्कर नातलग येते. ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई. लूकचं लेखन ग्रीक भाषेतलं, आणि ग्रीकांकडे 'श' नव्हता, म्हणून 'शे'चा 'सा' झाला. हिब्रू नावाच्या शेवटी घशातून काढायचा जो आवाज होता, तोही ग्रीकमध्ये नव्हता. नाव झालं 'एलिसाबेत'.

आता प्रश्न पडतो की शेवटी हा 'त' कुठून आला? एलिशेवामध्ये तर तो नाही. याचं उत्तर शोधताना मला जुन्या करारातली एक जोडी फार उपयोगी वाटते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एका राजकन्येचं नाव यहोशेबा असं येतं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात तीच बाई, तोच प्रसंग, पण नाव यहोशबथ. म्हणजे 'शेबा'ने संपणाऱ्या नावाचं शेवटी 'थ' लागलेलं दुसरं रूप हिब्रूतच होतं. 'त' किंवा 'थ' हा तिथला जुना स्त्रीलिंगी प्रत्यय. तेव्हा एलिझाबेथमधला तो शेवटचा आवाज ग्रीकांनी पदरचा घातला नसावा, मूळ भाषेतच त्याची सोय होती.

ग्रीकपासून पुढे वाट फुटते, आणि ती एका अक्षराभोवती फुटते. प्राचीन ग्रीकमध्ये 'बीटा' या अक्षराचा उच्चार 'ब' होता. पुढच्या शतकांत तो बदलत 'व' झाला. रोमने ग्रीक नावं घेतली ती 'ब' असतानाची, म्हणून लॅटिन चर्चच्या प्रभावाखालच्या भाषांत एलिझाबेथ, एलिझाबेटा, एलिझाबेत अशी 'ब'ची रूपं दिसतात. रशियन, बल्गेरियन आणि सर्बियन लोकांकडे ख्रिस्ती धर्म ग्रीक चर्चच्या कॉन्स्टँटिनोपलहून आला तो नवव्या-दहाव्या शतकात, आणि तोवर ग्रीकांच्या तोंडी 'व' बसला होता. म्हणून तिकडे येलिझावेता, एलिसावेता, येलिसावेता. ही एकट्या नावाची लहर नाही. पश्चिमेकडची बार्बरा रशियात वार्वारा होते आणि बेसिलचा वासिली होतो, तेही याच कारणाने. पोलिश आणि चेक या भाषा रशियनच्या सख्ख्या नातलग, पण त्या लोकांनी धर्म घेतला रोमकडून, त्यामुळे पोलिश एल्झ्ब्येता आणि चेक आल्झ्ब्येता या दोघींत 'ब' टिकून आहे. इथे नावावर भाषेच्या कुळापेक्षा चर्चचा ठसा अधिक खोल उमटला आहे. एखाद्या समाजाने हजार वर्षांपूर्वी कुणाकडून बाप्तिस्मा घेतला, हे मुलींच्या नावातल्या एका व्यंजनावरून कळावं, हे मला आजही थक्क करतं.

पूर्वेकडे आणखी एक शाखा गेली, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. सिरियाक ही अरामी कुळातली भाषा, म्हणजे हिब्रूची जवळची बहीण. तिला 'श' येत होता, घशातला आवाजही येत होता. त्यामुळे सिरियाक बायबलमध्ये योहानाच्या आईचं नाव मूळ हिब्रू वळणाचं राहिलं: एलिश्बा. शेवटी 'थ' नाही. केरळातल्या ख्रिस्ती समाजाचा सिरियाक चर्चशी जुना संबंध, आणि तिथे एलिश्वा हे नाव आढळतं. एली किंवा अले या छोट्या रूपाला मल्याळममधला 'अम्मा' जोडून एलियम्मा, अलेयम्मा अशी नावंही घडली. मराठी बायबल वाचणाऱ्यांना लूकच्या पहिल्या अध्यायात भेटते ती 'अलीशिबा', तीही याच वळणाची. त्यामुळे मराठीत आज दोन रूपं नांदतात. ग्रंथातली अलीशिबा हिब्रू घाटाची, आणि वर्तमानपत्रातली एलिझाबेथ ग्रीक, लॅटिन, इंग्रजी असा लांबचा फेरा घालून आलेली.

आर्मेनियन येघिसाबेतचं कोडंही आवाजाचंच आहे. जुन्या आर्मेनियनमधला एक प्रकारचा 'ल' काळाच्या ओघात घशातल्या 'घ'सारखा झाला, आणि नावातला 'लि' आपोआप 'घि' झाला. इथिओपियात एल्साबेत, जॉर्जियात एलिसाबेद, अरबी भाषक ख्रिस्ती लोकांत अलिसाबात. ही रूपं सरळ आहेत.

तेराव्या शतकात या नावाला एक विलक्षण बाई मिळाली. हंगेरीचा राजा दुसरा अँड्रयू याची ही मुलगी, जन्म १२०७चा. चार वर्षांची असतानाच तिला जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दरबारात भावी सून म्हणून पाठवलं. १२२७ मध्ये नवरा क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला जाताना वाटेतच वारला. तिने मारबुर्ग इथे रुग्णालय उभारलं, स्वतः रुग्णांची सेवा केली आणि १२३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. अवघ्या चार वर्षांनी तिला संतपद दिलं गेलं. गरिबांसाठी लपवून नेत असलेल्या भाकरी अडवल्यावर गुलाबाची फुलं झाल्या, ही तिची आख्यायिका. जर्मन मुलुखात एलिझाबेथ हे नाव घरोघरी पोचलं त्यात या संतस्त्रीचा वाटा फार मोठा आहे.

तिच्याच घराण्याच्या नातेसंबंधातून आजच्या स्पेनमधल्या आरागॉनच्या राजघराण्यात १२७१ मध्ये एक मुलगी जन्मली. या आजे-मावशीचंच नाव तिला दिलं गेलं, पण आरागॉनमध्ये त्या नावाचा उच्चार होता इसाबेल. पुढे ती पोर्तुगालची राणी झाली, दानधर्मासाठी ओळखली गेली, गुलाबांची तीच आख्यायिका तिच्याही नावावर जमा झाली, आणि १६२५ मध्ये तीही संत ठरली. हंगेरीत जी एर्झेबेत, जर्मनीत जी एलिझाबेथ, तिच्या नावाने ठेवलेली मुलगी पोर्तुगालमध्ये इसाबेल. पोर्तुगालच्या या राणीला इंग्रजी पुस्तकं पुन्हा एलिझाबेथच म्हणतात.

एलिझाबेथची इसाबेल झाली कशी, यावर अभ्यासकांचं सर्वसाधारण मत असं आहे. फ्रान्सचा दक्षिण भाग आणि स्पेन इथल्या भाषांत शब्दाच्या शेवटी 'थ' किंवा 'त' जिभेला परका वाटे, 'ल' मात्र सहज येई. म्हणून 'बेत'चा 'बेल' झाला. सुरुवातीचा 'एल' लोकांना स्पॅनिशमधल्या 'एल' या उपपदासारखा (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) ऐकू आला असावा, आणि उपपद समजून तो गळाला. उरली इसाबेल. तिकडच्या भाषांत 'बेल', 'बेला' म्हणजे सुंदर, त्यामुळे या नव्या रूपाला एक गोडवा आपसूक मिळाला. फ्रान्समध्ये इझाबेल आणि इझाबो, इटलीत इझाबेला, स्कॉटलंडमध्ये इसोबेल आणि तिथल्या गेलिक वळणाची इश्बेल, या सगळ्या तिच्याच.

या दोन रूपांमुळे इतिहासात मजेदार गुंता होतो. स्पॅनिश भाषेत परदेशी राजाराण्यांची नावं आपल्या रूपात बदलून घ्यायची रीत आहे. त्यामुळे ब्रिटनची दुसरी एलिझाबेथ स्पॅनिश वर्तमानपत्रांत आयुष्यभर 'दुसरी इसाबेल' होती. पण स्पेनची स्वतःचीही एक दुसरी इसाबेल आहे, १८३३ ते १८६८ या काळात राज्य केलेली. नाव तेच, आकडा तोच, देश वेगळे. कुठली ती, हे संदर्भावरूनच ओळखायचं.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात इसाबेल जास्त चालत असे, एलिझाबेथ मागे होती. पंधराव्या शतकात चित्र बदललं. चौथ्या एडवर्डने १४६४ मध्ये एलिझाबेथ वुडविलशी लग्न केलं. त्यांची मुलगी, यॉर्कची एलिझाबेथ, सातव्या हेन्रीची राणी झाली. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीला मुलगी झाली तेव्हा बापाची आई एलिझाबेथ आणि आईची आईही एलिझाबेथ. दोन्ही आज्यांचं नाव एकाच बाळाला मिळालं, आणि त्या बाळाने पुढे १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षांहून अधिक काळ इंग्लंडवर राज्य केलं. सगळं श्रेय मात्र एकट्या राणीला देऊ नये. त्या काळात इंग्लंड कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं चिरलं गेलं होतं. प्रोटेस्टंटांना बायबलबाहेरच्या संतांची नावं नकोशी झाली होती. एलिझाबेथ बायबलमधली होती आणि संतांच्या यादीतही होती. दोन्ही बाजूंना चालणारं असं नाव त्या अस्वस्थ शतकात सुरक्षित होतं, आणि मला वाटतं आईबापांनी तो विचारही केला असणार.

आता लाडाची नावं. या नावाची खरी समृद्धी इथे आहे. एलिझाबेथ लांबलचक, चार अवयवांचं, म्हणजे उच्चाराच्या चार तुकड्यांचं नाव, आणि ते कुठूनही तोडलं तरी हाताला काहीतरी गोड लागतं. पुढचा भाग धरला की एल्सा, एल्स, एली, एलिझा. मधला धरला की लिझ, लिझी, लिसा, लीझं, लिझेट, लीझल. शेवट धरला की बेथ, बेस, बेट्टी, बेट्सी, बेटिना, फ्रेंचांची बाबेट, चेकची ब्येता. पुढचं आणि शेवटचं टोक जोडून मधलं काढून टाकलं की स्कॉटलंडची एल्स्पेथ. हंगेरियन लोक एर्झेबेतला एर्झी म्हणतात आणि बोझीही म्हणतात. काही नावं तर बोबड्या बोलातूनच आली. दुसऱ्या एलिझाबेथला लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येत नसे, ती जे म्हणे ते होतं लिलिबेट, आणि घरच्यांनी तेच नाव शेवटपर्यंत चालवलं.

यातली कित्येक रूपं नंतर स्वतंत्र झाली. अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञ लीझं माइटनर यांचं जन्मनाव एलीझं होतं. फ्लॉरेन्सच्या लिसा गेरार्दिनीला जग मोनालिसा म्हणून ओळखतं. त्यातलं 'मोना' म्हणजे 'बाईसाहेब' अशा अर्थाचं संबोधन, नाव फक्त लिसा, आणि लिसा हे एलिझाबेटाचं छोटं रूप. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ (१८३७ ते १८९८) लोकांच्या तोंडी 'सिसी' झाली, पण बुडापेस्टमध्ये डॅन्यूबवरचा तिच्या नावाचा पूल एर्झेबेत पूल म्हणूनच ओळखला जातो. एकाच बाईचं नाव एका राजधानीत लाडाचं आणि दुसरीत पूर्ण, मानाचं.

पॅसिफिकमधल्या बेटांवर हे नाव एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर पोचलं, आणि तिथे जे झालं ते नियमाने कसं घडतं हे पाहण्यासारखं आहे. हवाई भाषेत व्यंजनं मोजकी. 'झ' किंवा 'स' नाही, 'ब' नाही, 'थ' नाही, आणि प्रत्येक अवयव स्वरानेच संपला पाहिजे. मग 'झ'च्या जागी 'क' येतो, 'ब'च्या जागी 'प', 'थ'च्या जागी पुन्हा 'क', आणि शेवटी एक 'आ' लागतो. एलिझाबेथची होते एलिकापेका. हवाईच्या बलाढ्य राणी काआहुमानूने १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेताना हेच नाव स्वीकारलं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'ल'ही नाही, त्याच्या जागी 'र' येतो, 'स'चा 'ह' होतो, आणि नाव होतं इरिहापेती. जपानी भाषेत ती एरिझाबेसू, चिनीत यीलीशाबाय. पहिल्यांदा ऐकताना ही रूपं मोडतोड वाटतील, पण प्रत्येक बदलामागे त्या भाषेचा काटेकोर नियम आहे. आपणही वेगळं काही करत नाही. इंग्रजीत शेवटचा आवाज जीभ दातांमध्ये धरून, हवा सोडत काढतात. मराठीत तो नाही, म्हणून आपण आपला 'थ' वापरतो. मराठीतली 'एलिझाबेथ' हेही त्या रांगेतलं एक रूपच आहे, आणि इरिहापेतीइतकंच अस्सल आहे.

काही नावं मात्र दिसायला जवळची असूनही या कुटुंबातली नाहीत. अ‍ॅलिस हे नाव जर्मानिक आडेलहाइडवरून आलेलं, आणि अलिशा अ‍ॅलिसच्या घरातली. मेलिसा म्हणजे ग्रीकमध्ये मधमाशी, तिच्यातला 'लिसा' योगायोगाचा. बेथनी हे बायबलमधलं गावाचं नाव आहे. जुन्या करारातली ईजबेल राणी आणि इसाबेल यांचं साम्यही केवळ वरवरचं, ते मूळचं निराळंच नाव आहे. आवाज जुळला म्हणून नातं जोडायची घाई इथे हमखास फसवते. नातं सिद्ध करायला मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात, त्या एलिकापेकाच्या बाबतीत दाखवता येतात, ईजबेलच्या बाबतीत येत नाहीत.

अमेरिकेत सरकार दर वर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं, आणि तिची आकडेवारी १८८०पासूनची आहे. त्यात एलिझाबेथ कधीच पहिल्या क्रमांकावर आली नाही. पण १९३०च्या सुमारास तिथे दुसऱ्या क्रमांकावर बेट्टी होती. १९६२ ते १९६९ सलग पहिल्या क्रमांकावर लिसा होती. २००९ आणि २०१० मध्ये पहिली आली इझाबेला. एकाच घरात आजी बेट्टी, आई लिसा आणि नात इझाबेला असू शकतात, आणि तिघींना वाटत असेल की आपलं नाव आधीच्या पिढीपेक्षा अगदी वेगळं आहे.